दुसरं ट्रंपेट

कुडतरीला, तळ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर
रोमाल्दचं घर. बाल्कांवात लॅपटॉप,
भाच्यानं टाकून दिलेला, बिजागरीला चिकटपट्टी.
जुन्या सिस्टीमनं ऐन रेकॉर्डिंगमध्ये विचारलं होतं,
परवाना कुठाय?
ट्रंपेट तोंडातच राहिलं म्हणे.

मी कुडचड्याहून पेनड्राइव्ह घेऊन गेलो.
लिनक्स टाकलं. कुणी कुठे बसून लिहिलेलं,
कुणीही उघडून आत हात घालावा असं.
फुकट? तो म्हणाला. मग खोट कुठे आहे?

खोट होतीच.
फुंकर आत्ता, हेडफोनमध्ये आवाज मागाहून.
“हांव आज वाजयतां, हें फाल्यां आयकयता.”

बफर एक हजार चोवीस.
पाचशे बारा. दोनशे छप्पन्न.
एकशे अठ्ठावीसला सूर फुटायला लागला,
चुरा झालेल्या पापडासारखा.
कर्नल बदलला. वायफाय बंद केलं.
त्याचं नाव ऑडिओच्या गटात घातलं.
गटाची वर्गणी किती, त्यानं विचारलं.
पावणेबाराला कधीतरी
फुंकर आणि आवाज एका जागी आले.

मग फेस्ताच्या पहाटेची आल्व्होराद.
आधी पहिलं ट्रंपेट, मग त्यावरच दुसरं,
तेही त्यानंच वाजवलेलं.
पडद्यावर दोन पट्ट्या, एकीखाली एक,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारख्या.

ऐकलं. पुन्हा ऐकलं.
हेडफोन काढून मांडीवर ठेवला.
“हो जासिंत न्हय.”

जासिंत धाकटा. स्विंडनच्या गोदामात
रात्रपाळीला खोकी बांधतो.
ट्रंपेट विकलं ते तिकिटासाठी.
बावीस वर्षं हा पुढे, तो मागे,
दर दाराशी जरासा उशिरा.
बँडमास्तर शिव्या घालायचा,
वाड्याला जाग यायची ती मात्र त्याच उशिरानं.

जे घालवायला माझी अर्धी रात्र गेली
ते माऊसनं ओढून परत आणायचं होतं.
खालची पट्टी सरकवली. तीस मिलिसेकंद.
आणखी.
पन्नास.
आणखी, चढणीला त्याला धाप लागायची.
सत्तरवर त्यानं माझं मनगट धरलं.

तळ्याकडून बेडूक, लॅपटॉपचा पंखा,
दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये आलेत. राहू दे म्हणाला.

पट्टीला मी नाव दिलं होतं, ट्रंपेट दोन.
त्यानं बॅकस्पेसवर बोट दाबून धरलं
सगळं पुसलं जाईपर्यंत,
आणि चष्मा कपाळावर ढकलून
कीबोर्डवर ‘जे’ शोधत बसला.