शेरा

वहीत पाच रकाने:
तारीख, वेळ, मातीचं तापमान, मगर दिसली का,
आणि शेरा.
तबस्सुम मुल्लानं पट्टीनं आखलेली वही.
"काका, शेऱ्यात दिसलं तेवढंच लिहा,
वाटलं ते नको."

मी मोटारी रिवाइंड करणारा माणूस.
भिलवडीच्या खाली कृष्णा जिथं कोपरात मोडते
तिथल्या निम्म्या मोटारी माझ्या हातून गेल्यात.
एकदा जळकी मोटार काढायला दरड उतरलो
आणि ओंडका समजून ज्यावर पाय देणार होतो
त्यानं डोळा उघडला.
पिवळा. मधे उभी चीर.
मी पळालो नाही. शहाणपण म्हणून नव्हे,
पाय कुठं ठेवलेत तेच आठवेना.
तीच सरकली.
एवढं धूड पाण्यात गेलं आणि पाणी हललं नाही.

तेव्हापासून बुधवार आणि रविवार माझी पाळी.

काम म्हणाल तर बसणं.
दरडीत एक बुजवलेला खड्डा,
आत अंडी पंचवीस की तीस, उकरून कोण मोजणार.
वीटभट्टीच्या मातीला ट्रॅक्टर आला की हात आडवा करायचा.
मुंगूस, कुत्री, सेल्फीवाली पोरं,
पाइप ओढत उतरणारे मळ्यातले गडी:
"वीस फूट वरनं घ्या की राव."
घेतात. शिव्या घालून घेतात.
मधल्या वेळात नायलॉनची फाटकी जाळी गोळा करायची.
एकीत पाणकावळा गुरफटलेला, जिवंत.
सोडवताना माझाच अंगठा फोडला त्यानं.
शेरा: पाणकावळा सोडला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं.

यल्लाप्पा अंबी पलीकडं करंजाखाली बसायचा.
पूल झाला तशी त्याची नाव पालथी पडली.
डाव्या हाताला तीनच बोटं.
वहीत त्याचं नाव नाही, पाळी नाही, तरी रोज.
गाव म्हणायचं, डाव धरून बसलाय,
पिल्लं निघाली की कुऱ्हाड काढेल.
मी गुपचूप त्याची घोंगडी उचलून पाहिली.
चंची, रेडिओ, अर्धी भाकरी.
शेवटी विचारलंच, "बोटं हिनंच नेली?"
"हिनं न्हाईतर हिच्या आयनं.
मीच तिच्या दारात जाळं टाकलं हुतं."
आणि तंबाखू मळत राहिला.

वैशाखातली अवस.
बेअरिंग जायच्या आधी मोटार बारीक कण्हते,
मालकाला ऐकू येत नाही, मला येतं.
तसं मातीखालून आलं.
एक. मग दुसरं. मग सगळी दरडच बोलायला लागली.
तबस्सुमला फोन लावला, रेंज नाही.
अंधारातून यल्लाप्पानं माझं मनगट धरलं,
"बॅटरी इझव."

ती आली.
पोट घासत, मधेच थांबत,
ओल्या गोणपाटावर हात फिरवावा तसा आवाज.
माती मागं पडत गेली.
ज्या जबड्यानं गेल्या साली रेडकू ओढून नेलं
त्या जबड्यात अंडं फुटत होतं,
कडकन नाही,
भुईमुगाची ओली शेंग सोलावी तसं.
मग खाली पाण्याशी. मग परत वर.
खेपा मोजल्या मी, सातापर्यंत.
आठवीला मोजायचं राहूनच गेलं.
यल्लाप्पाचा हात मनगटावर तसाच,
तीन बोटं ऊन,
आणि जिथं दोन नाहीत तिथं गार जागा.

उजाडलं तर नुसती टरफलं,
आणि दरडीला पाण्यापर्यंत गुळगुळीत घसरगुंडी.
एक अंडं न फुटलेलं.
यल्लाप्पानं ते कानाला लावलं, बराच वेळ,
आणि होतं तिथंच ठेवलं.

तबस्सुम सायकल टाकून धावत आली,
वही उघडली, टोपण दातात धरून उघडलं.
वेळ? दोन दहा ते चार.
तापमान? घेतलं नाही.
मगर दिसली का?
खरं म्हणजे, नाही.
तसंच लिहिलं तिनं. नाही.
मग पेन पुढच्या रकान्यावर थांबवून
माझ्याकडं पाहत राहिली.

शेऱ्याचा रकाना, पट्टीनं आखलेला.
दोन बोटं रुंद.