घरीच असता ना

डिचोलीच्या बाजारात माझं दुकान होतं, आठ बाय दहाचं.
वर पत्रा, शेजारी सुक्या बांगड्यांची टोपली,
भाडं साडेपाच हजार,
आणि मोरीला जायचं तर समोरच्या हॉटेलात,
नको असलेला चहा विकत घेऊन.
एका शनिवारी हिशेब केला,
मशीन टेम्पोत चढवलं नि मयेला घरी आणलं.

पहिल्या दिवशी अकरा वाजता पेज जेवले.
ऊन ऊन, पाय पसरून, सोबत आंब्याचं तोर.
एवढी वर्षं हे मला कुणी सांगितलं कसं नाही?

भाडं नाही. कदंबाची वाट बघणं नाही.
मिताली शाळेतून आली की कुलूप उघडायला मी.
बँकेतल्या बाईंना हे सगळं सांगितलं, दुसऱ्या मशीनचं कर्ज मागताना.
त्यांनी मान डोलावून ऐकलं
आणि फॉर्मवर लिहिलं: गृहिणी.

फाटकावर पाटी लावली, दहा ते सहा.
पाटी फाटकापुरती. लोक मागच्या दाराने येतात.
पोदेराचा भोंपू वाजायच्या आधी एस्पेरान्सा,
बहिणीचं लग्न रविवारी, फ्रॉक कमरेत सैल;
रात्री भाजीला फोडणी घालताना पंचाची सून,
आणि जाऊ तर म्हणते, तुझी कसली घाई, तू घरीच असतेस.
(म्हणजे पैशांचीही घाई नाही.)

भातात एकदा टाचणी निघाली.
तेव्हापासून सासू आधी भात चिवडते, मग वाढते.
लाईनमन मीटरसमोर उभा राहून विचारतो,
एवढं युनिट कसं काय हो, घरात माणसं किती?
चवथीच्या आधीचा महिना तर विचारू नका.
माटोळी बांधायला घरचे उभे,
आणि माटोळीच्या जागी दुसऱ्यांचे अठ्ठावीस ब्लाऊज टांगलेले.

सासरे गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी शेट्येबाई आल्या.
खाली बसल्या, रीतीचं सगळं बोलल्या,
डोळे खरंच पुसले.
उठताना हलकेच म्हणाल्या,
सुतकात शिवणार नाहीस, माहीत आहे,
पण आधीच शिवून झालेलं असेल तर...
झालेलं होतं.
पैसे त्यांनी उंबऱ्यावर ठेवले, हातात नको म्हणून.
वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी त्यांवर कात्री ठेवली.
त्या दिवशी वाटलं,
बाजारातल्या दुकानाला निदान शटर होतं.

नवराही घरीच असतो.
खाण बंद झाली तेव्हापासून ट्रक अंगणात,
चाकांवर कारल्याचा वेल चढलाय.
पण त्याला कुणी विचारत नाही, घरीच असता ना?
गावासाठी तो अजून ट्रकवाला तुळशीदास,
मी तुळशीदासची बायको, ती शिवते.

आता एक गोष्ट सांगते, बाहेर बोलू नका.
रात्री दहानंतर खिडक्या लावल्या
की तो चष्मा चढवतो, माझ्या पायाशी बसतो,
आणि हूक लावतो.
पहिले काही दिवस बोटं रक्ताळली.
गियर ओढणाऱ्या हाताला सुई म्हणजे काय, तुम्हीच सांगा.
बोलत नाही. दोरा दातांनी तोडतो.
मी काज करते, तो हूक,
मध्येच ट्रकवर पानाचा आवाज होतो,
दोघंही क्षणभर थांबतो.
बाजारात हे जमलं नसतं.
तिथे पत्र्याखाली सगळा डिचोली बघत होता.

परवा एस्पेरान्सा आली, हसत, थोडी वैतागूनही.
लग्न झालं, नाच झाला, पहाट झाली,
पण तिच्या फ्रॉकचे हूक निघेनात,
शेवटी आईने ओढून काढले.
कोणी लावले गो हे, विचारते,
ट्रक बांधायचा होता की काय?

तो ओसरीवर पेपर वाचत होता.
पेपर जरा वर गेला.

मी म्हटलं, घरचंच काम.