मोनेल

जानेवारीत, पहाटे साडेपाचला,
जुबैलच्या वर्कशॉपात
कुरियाकोस खिशातलं लोहचुंबक काढून
रॉडला लावतो.
चिकटतं. नाखुशीनं, पण चिकटतं.
जूनमध्ये तोच रॉड, तेच चुंबक,
पत्र्याखाली अठ्ठेचाळीस अंश,
आणि चुंबक सुटून बुटावर पडतं.
खात्री पटली, म्हणतो तो. माल अस्सल आहे.

दोन भाग निकेल, एका भागाला थोडं कमी तांबं,
लोखंड चवीपुरतं.
माझ्या हजेरीकार्डावर नुसतं : कर्डे, टर्नर.
आम्ही रेवदंड्याचे तांबट, हे इथे कुणाला सांगू?
लेथवर पहिली चीप सुटली
तेव्हा बोटांना लागला तो वास,
आणि मी मनात म्हटलं,
अरे, तूपण इथे?
एवढं निकेल पांघरून, रंग पालटून!

चिवट जात. चीप तुटत नाही,
कुरडईसारखी लोंबत राहते.
टूलला धार हवी, हात चालता हवा.
घटकाभर नुसतं घासत राहिलात
की जागच्या जागी कडक होतो,
मग भल्याभल्या टूलला दाद देत नाही.
शेरगुल नवा होता. चहाची हाक आली,
त्यानं फीड सोडला, मशीन चालूच.
त्याच्या तीन पगारांचा शाफ्ट.
चहा तसाच निवला सगळ्यांचा.

इथून तो जातो समुद्राच्या पंपात.
हा समुद्र आमच्यापेक्षा खारट,
याचंच गोडं पाणी करून गाव पितं.
अकरा वर्षांनी एक शाफ्ट परत आला,
पुसला,
तर माझ्या टूलच्या रेघा
अजून मोजता येत होत्या.

एकदाच फसला.
शटडाऊनमध्ये एका पंपातलं पाणी काढायचं राहिलं,
चाळीस दिवस तुंबून.
शेवाळ खरवडलं तर खाली
टाचणीच्या टोकाएवढे खड्डे,
सुई घातली तर आत जातच राहिली.
वाहत्या पाण्याला हा भीत नाही,
कुरियाकोस चष्मा पुसत म्हणाला,
उभं पाणी खातं याला.
मी रिपोर्टात लिहिलं : खड्डे, सहा जागी.

शुक्रवारी सुट्टी.
खोलीत पंखा, चार खाटा, मी एकटा.
दुपारी पडल्या पडल्या
हात आपोआप दंडावरून, छातीवरून फिरतो,
काहीतरी चाचपत.
मग उठतो,
कपडे धुवायला काढतो.
परवाच धुतलेले.