आरसा जमिनीवर ठेवायचा

मी नुसती सोबत म्हणून गेले होते.
एलेउतेरियोला एकट्याला पाठवलं असतं
तर तो वाटेत टायरच्या दुकानातच गप्पा ठोकत बसला असता.

मंगळवार, संध्याकाळचे सहा, चर्चचं तळघर.
भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातून उरलेली कागदी फुलं,
लांब टेबल, आणि टेबलावर
रबराच्या तोर्तिया, प्लास्टिकचा भात,
फुंकर मारली तर उडेल असा कोंबडीचा तुकडा.
दोमितिला म्हणाली, रोज वाढून घेता तसं घ्या.
माझ्या नवऱ्याने चार तोर्तिया उचलल्या,
इकडेतिकडे बघितलं,
एक परत ठेवली.
सगळे हसले. तोही हसला,
पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.
घरी तो सहा खातो.

ही दोमितिला पूर्वी सफरचंदांच्या शेडमध्ये
माझ्याच पट्ट्यावर उभी असायची.
डागी फळ तिच्या नजरेतून कधी सुटलं नाही.
आता ती सुई टोचायला शिकवते:
बोटाच्या कडेला टोचा, मधोमध नको,
मधोमध टोचलं तर दिवसभर फळ उचलताना ठणकतं.
हे तिला पुस्तकाने सांगितलं नसणार.

"साखर कधी आली तुमच्याकडे?"
पाहुण्याबद्दल विचारावं तसं तिने एकेकाला विचारलं.
ओब्दुलिया म्हणाली, फोन आला त्या रात्री.
भाऊ गेला. कागद नव्हते, म्हणून जाता आलं नाही.
धसक्यानेच आली.
दवाखान्यातला तो तरुण डॉक्टर घड्याळाकडे बघतो अशा वेळी.
दोमितिलाने फळ्यावर लिहिलं, धसका.
त्याच्याखाली, आई आणि मामा.
त्याच्याखाली, सोडा, रोज दोन बाटल्या.
खडू खाली ठेवला.
काहीच पुसलं नाही.

मग म्हणाली, बूट काढा.

बारा मोठी माणसं एकदम खोकायला लागली.
एलेउतेरियोच्या मोज्याला भोक होतं.
सकाळी मीच म्हणाले होते,
बुटाच्या आत कोण बघायला येतंय.

तिच्या हातात नायलॉनचा धागा,
गळाच्या दोरीसारखा, बोटभर.
डोळे मिटा. लागलं की सांगा.
अंगठा. "हो."
टाच. "हो."
मग चवड्याच्या मधोमध,
सत्तावीस हंगाम शिडीची पायरी जिथे रुतत आली
तिथे धागा वाकला,
सरळ झाला,
पुन्हा वाकला.
तो डोळे मिटून बसलेला,
वर्गात पाठ म्हणायला तयार असलेल्या मुलासारखा.

"सुरू कधी करणार?" त्याने विचारलं.

कुणी काही बोललं नाही.
वर चर्चमध्ये कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं.
दोमितिलाने त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरलं,
याकिमाच्या सगळ्या बागांची माती
भेगांत घेऊन बसलेलं ते पाऊल,
आणि म्हणाली, घरी आरसा आहे ना?
जमिनीवर ठेवायचा. रोज रात्री.
पायाला कळत नाही ते डोळ्यांना विचारायचं.

गाडीत तो गप्प होता.
मी ओब्दुलियाने दिलेली निवडुंगाची पिशवी मांडीवर धरून,
काटे काढलेत असं ती म्हणाली होती,
एक राहिला होता, माझ्या तळहाताला टोचला,
आणि मी ओरडले नाही.
टोचलं म्हणून मला बरं वाटलं,
आणि बरं वाटलं याची लाज वाटली.

दाढीचा आरसा खिळ्यावरून काढला.
पलंगाशेजारी, दिव्याखाली, फरशीवर ठेवला.
त्याने एक पाऊल वर धरलं, मग दुसरं.
डाव्या बोटांच्या बेचक्यात एक खडा,
मसुराएवढा, रुतून बसलेला.
कधीपासून होता, त्याला सांगता येईना.
मी तो काढून खिडकीत ठेवला.
का ठेवला, माहीत नाही.

"आता तू," तो म्हणाला.
मी म्हटलं, मला काय झालंय,
मी नुसती सोबत म्हणून…
"ठेव की पाय."
मी ठेवला.
तो गुडघ्यावर बसून वाकला, चष्मा कपाळावरून खाली घेतला,
आणि बऱ्याच वेळाने, जरा खुशीतच, म्हणाला,
"टाचेला भेग आहे तुझ्या. मोठी आहे."