दिवा धरणारी

रात्री दोन वाजता, सूसामीरच्या चढावर,
मॉस्क्विचनं एक उचकी दिली
आणि गप्प झाली.
मागे ट्रेलरवर मधमाश्यांच्या चौदा पेट्या,
दारांवर जाळ्या ठोकलेल्या.
ऊन चढायच्या आत कुरणावर पोचलो नाही
तर मेण वितळेल, माश्या आतच उकडतील.
एल्झारनं फोन उंच धरला. रेंज नव्हती.
सतरा वर्षांचं पोर, त्याला वाटलं
संपलंच सगळं.

स्टार्टर फिरत होता, जोरात, उगाच,
लग्नघरातल्या बिनकामाच्या माणसासारखा.
म्हणजे बॅटरी शाबूत.
पेट्रोलचा वास येत होता, म्हणजे तेही पोचतंय.
राहिली ठिणगी.

पहिला प्लग काढला, त्याच्या वायरीत परत खोचला,
इंजिनच्या लोखंडावर आडवा ठेवला.
"दिवा विझव," म्हटलं. "मार स्टार्टर."
ठिणगी शोधायची तर काळोखच बरा.
काही नाही.
नुसता डोंगर, आणि पेट्यांची गुणगुण.

कादिर असता तर एव्हाना पुटपुटत
कमरेपर्यंत बॉनेटमध्ये शिरला असता.
तीस वर्षं मी त्याच्यासाठी दिवा धरला.
"इथे धर. इथे! डोळे कुठे आहेत तुझे?"
दंड भरून यायचे,
जानेवारीत कपातला चहा गोठायचा.
एकदाही म्हणाला नाही, ये, हा स्क्रू तू आवळ.
पण दिवा धरणारीला बघावंच लागतं.
त्याच्या नजरेआड त्याचाच हात यायचा,
मला मात्र सगळं दिसायचं.

डॅशबोर्डचा बल्ब उपटला, दोन वायरी जोडल्या.
कॉइलच्या अधिक टोकाला लावला: पेटला.
उणे टोकाला: पेटला,
आणि इंजिन फिरवलं तरी पेटलेलाच,
पापणी नसलेल्या माशाच्या डोळ्यासारखा.
त्यानं लुकलुकायला हवं होतं.
पॉइंट मिटले की विझायचं, उघडले की पेटायचं.
कंडेन्सर गेला असता तर विझूनच राहिला असता.
म्हणजे वीज येते, थांबते,
पुढे तिला अर्थ मिळत नाही.
उणे टोकाला एक सुटी तार लावली,
तिचं दुसरं टोक बिजागरीला टेकवून झटकन उचललं.
जाड वायरीतून टच्चकन निळी उडाली.
एल्झार मागे सरकला, त्यानं शिवी घातली.
कॉइल जिवंत.

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली.
पॉइंट काळवंडलेले. काडेपेटीच्या कडेनं घासले.
फरक नाही.
"इथे धर," म्हटलं. "इथे! डोळे कुठे आहेत तुझे?"
स्वतःचाच आवाज ऐकून थबकले.
पोर निमूट जवळ आलं.

आत एक बोटभर वायर असते,
पॉइंटपासून बाहेरच्या टोकापर्यंत.
आतली थाळी फिरेल तशी वाकते,
दर चढावर, दर उतारावर.
काळं वेष्टण अखंड होतं. एक चीर नाही.
चिमटीत धरून ओढली
आणि ती लांबली.
तांबं असं लांबत नाही.
आत तुटलं होतं, बाहेर नुसतं रबर.
हे कादिरला करताना मी कधी पाहिलं नव्हतं.
हे माझं.

स्पीकरची वायर कापली. रेडिओ तसाही
तो गेल्यापासून कुणी लावला नव्हता.
दातांनी सोलली, पीळ दिला, स्क्रू आवळला.
अंतर मापायला गेज नव्हता,
सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा घातला. डोळ्यांनी पटलं.

दुसऱ्या प्रयत्नाला घेतली.
आधी तीन सिलिंडर, मग खोकत चौथा.
पेट्यांमधली गुणगुण एकदम चढली,
माश्यांना काय वाटलं कोण जाणे.
पूर्वेला डोंगरांच्या कडा राखाडी झाल्या होत्या.
टोपी बसवली, हात स्कर्टला पुसले.
एल्झार अजून तिथेच उभा, हात ताठ,
बंद बॉनेटवर उजेड पाडत.

"दिवा विझव रे," म्हटलं. "सेल जातील."
मग म्हटलं, "आण इकडे.
पुढच्या वेळी मी धरीन."