पेशंट कोण लागतो

सांगली सिव्हिलच्या खिडकीतली बाई विचारती,
पेशंट कोण लागतो तुमचा?

दस्तगीर. हळदीच्या पेठंत हमाल.
अठरा वर्सं दर शुक्रवारी येतोय आमच्या गल्लीत,
पहिली चार पैसे मोजून,
मग नुस्ता भडंगाचा पुडा घेऊन.
माझ्या दाढा गेल्यापासनं
शेंगदाणे तेवढे वेचून खातो,
चुरमुरे माझ्याकडं सारतो.

आत गिऱ्हाईक असलं की
पायरीवर बसतो, बिडी कानावर अडकवून.
नंतर म्हणतो,
निंगव्वा, पाय कर इकडं.
तळव्यावर त्याचे पिवळे अंगठे.

बाई पेन आपटती. मागं रांग.

अंगठा कुठं उठवू तेवढं दावा,
नातं तुमच्या मनानं घाला.
त्याला आत सलाईन लावलंय,
बिडी माझ्यापाशी हाय.