ओली लादी

शरफुद्दीन परकार, वय त्रेपन्न, मूळ गाव दाभोळ,
मुक्काम रास अल खैमा, खाडीपलीकडची वसाहत.
फॉर्मवर व्यवसाय : लादी बसवणे.
तक्रार : उजवा गुडघा.

सव्वीस वर्षं हा माणूस गुडघ्यांवर राहिला.
मॉलच्या, मशिदीच्या, कुणाकुणाच्या न्हाणीघराच्या जमिनी
मागे मागे सरकत पुऱ्या केल्या.
त्यामुळे पुढचं त्याला कधी दिसलंच नाही,
फक्त झालेलं दिसत गेलं.

डॉक्टर फिरास पडद्यावर बोट ठेवतात.
कूर्चेत खड्डा, अंगठ्याच्या नखाएवढा.
कूर्चेला रक्त पोचत नाही,
म्हणून आपण फाटल्याची बातमी
ती कुणाला देऊ शकत नाही.
हाड हाडाला भेटतं
तेव्हा कळतं.

तिथे जेल भरायचं आहे.
शरफूभाई माझ्याकडे वळतात, आवाज खाली, मराठीत :
“जेल म्हंजे जिलेटिन ना?
कसल्या जनावराचा?”

कोळंबीची टरफलं, मी सांगते.
आम्लात टाकून त्यांच्यातला चुना काढतात,
मग क्षारात उकळतात, धुतात, पुन्हा धुतात.
उरतं ते पांढरं पीठ.
विरघळवलं की तांदळाच्या पेजेवरच्या निवळीसारखं.

ते इतके हसतात की गुडघा दुखतो.
“कोलंबी! मग आमच्यात चालते.
घरातलीच हाय की ती.”

घरातली माझ्याही.
देवगडच्या बंदरावर आई टोपलीवर पैसे घेऊन सोलायची,
बर्फाने बोटं फुगलेली, नखांत काटे.
टरफलं माडांच्या आळ्यात, उरली ती कावळ्यांना.
वास मात्र घरी यायचा.
शाळेत माझ्या वह्यांना यायचा,
आणि मी बाकाच्या टोकाला बसायची.
आता ही सीलबंद कुपी,
वर बॅच नंबर, मुदतीची तारीख.
कुणी नसताना मी एकदा हुंगून पाहिली.
काहीच नाही.
इतकं काहीच नाही
की वाईट वाटलं.

ऑपरेशन तासाभराचं.
खड्ड्याच्या तळाशी हाडाला बारीक भोकं,
रक्त वर यावं म्हणून.
त्यांचंच रक्त, त्यात हे थंड पातळ द्रव.
फ्रीजमध्ये वाहतं, अंगाच्या उबेत धरतं,
वाफेवर चीक धरतो तसं.
मी घड्याळ पाहत उभी.
बाहेर एक्केचाळीस अंश,
आत एका माणसाच्या सदतीस अंशांवर
सगळी भिस्त.

सहा आठवडे पाय टेकायचा नाही,
डॉक्टर इंग्रजीत सांगतात, मी मराठीत.
शरफूभाई हात वर करून मला थांबवतात.
“बाय, ओल्या लादीवर कोन चालला
तर मी शिव्या घालतो.
सांधा भरला की दोर बांधायचा नि निघून जायचा.
तो आपलाआपण सुकतो.
बघत बसला तरी लवकर सुकत नाय.”

खात्री नाही, हेही मी सांगते.
नवी कूर्चा येईल, पहिल्यासारखी येईलच असं नाही,
काहींना येते, काहींना नुसता व्रण येतो.
“खात्री ठेकेदार देतो,” ते म्हणतात,
“मिस्त्री नाय देत.”

सजदा सध्या खुर्चीवरच.
मशिदीत शेवटची रांग, भिंतीकडची.
तिथली लादी त्यांनीच बसवलेली,
खुर्चीवरून पहिल्यांदाच वरून पाहिली म्हणे.
एका कोपऱ्यात रेघ चुकलीय.
कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या महिन्यात कुबडी टेकत आले.
डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला,
कान दिल्यासारखे थांबले,
काही बोलले नाहीत, पुढची तारीख लिहिली.

निघताना दारात शरफूभाई थबकले.
कुबडीच्या टोकाने जमीन ठोकली,
एकदा इकडे, एकदा तिकडे.
“ही पोकल वाजते,” माझ्याकडे बघून म्हणाले,
“खाली माल कमी घातलाय.
फुटायच्या आधी सांगा कुनाला तरी.”